पारूमावशीच्या दारातली कोरफड

पारूमावशीच्या घरात सरळ शिरलेला माणूस मी घोरावाडीत पाहिलेला नव्हता. सगळे तिरके शिरायचे. कारण दारातच कोरफड. मूळची रंगाच्या एका जुन्या डब्यात होती. डबा फुगला, फाटला, तरी बाई हलवायला तयार नाही. पिल्लं फुटली की ती आइस्क्रीमच्या डब्यात, फुटक्या बादलीत, एक तर चक्क हेल्मेटात. पोस्टमन बिचारा रस्त्यावरूनच हाक मारायचा.

"मावशी, जरा छाटा की!" म्हटलं, की म्हणायची, "का? तिनं तुजं काय खाल्लंय?"

पान द्यायला मात्र हात सढळ. भाजलं, गुडघा धरला, केस गळले, औषध एकच. पान कापून पेल्यात उभं करायचं, पिवळा चीक गळला की गर काढून थापायचा. "लावून तर बघ!" हे तिचं पालुपद. मुलगी बघायला जायच्या दिवशी माझ्या भावाचं विरळ डोकं तिनं असं काही माखलं, की बिचारा टोपी घालूनच पोहे खाऊन आला. लग्न जमलं. श्रेय अर्थातच कोरफडीला!

म्हणून गेल्या महिन्यात मी हक्कानं गेले. जवळच्या नवलाख उंबरे गावातल्या कंपनीत मला परत काम मिळालं होतं, सोमवारी हजर व्हायचं होतं आणि माझा दीड वर्षाचा ओम काही अंगावरचं सोडेना. सासूबाई म्हणाल्या, छातीला कोरफड लाव, कडू लागलं की एका दिवसात तोंड फिरवेल.

"मावशी, एक पान द्या. ओमचं दूध तोडायचंय."

"न्हाई."

मला वाटलं, थट्टा करतेय.

"आज मंगळवार हाय," ती म्हणाली.

"शनिवार आहे, मावशी."

"मंग शनवारी कापत न्हाईत."

मी भांडलेच. अख्ख्या आळीला पानं वाटता आणि मलाच नाही? तशी ती मटकन उंबऱ्यावर बसली.

"माजा दत्तू एवढाच व्हता. भातलावणीला जायचं व्हतं, म्हून मीच लावली कोरफड. पोरगं प्यायला आलं, तोंड वाकडं केलं. रडलं न्हाई बघ. माज्याकडं नुसतं बघितलं. परत कंदी पदराला हात लावला न्हाई."

दत्तू आता गुजरातेत नोकरीला असतो. दर दिवाळीला 'येतो' म्हणतो. तेवढं ऐकायला ही दिवसभर फोन मांडीवर घेऊन बसते. मला माझ्या भांडणाची लाज वाटली.

"तू जा कामाला," ती म्हणाली. "पोरगं हितं ठेव. सांजच्याला येऊन पाज. पर त्याचं तोंड कडू नगं करूस."

सोमवारी ओमला कडेवर घेऊन गेले. सवयीनं दारात तिरकी झाले, तर अडायला काहीच नाही. डबा, बादली, हेल्मेट, सगळं परसात! पोराला काटे टोचतील म्हणून म्हातारीनं एकटीनं ओढून नेलं होतं.

संध्याकाळी तिच्याच घरात ओमला पाजायला बसले. घरी स्वयंपाक पडला होता, म्हणून थोड्या वेळानं त्याला सोडवायला गेले, तर मावशीनं माझा हात धरला.

"पिऊ दे गं. जायचं तवा जातंयच."