मिशा मोजता येत नाहीत

दंतवैद्यांनी तळ्यावर काढलेला पाणमांजराचा फोटो वन्यजीव छायाचित्रण मंडळाच्या सभेत एकमताने फेटाळण्यात आला. मंडळाचे अध्यक्ष वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी फोटो पडद्यावर मोठा मोठा करत नेला. प्राणी पार दिसेनासा झाला, तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं.

"डॉक्टर, मिशा मोजता येत नाहीत."

"पण साहेब, तोंडात मासा आहे आणि ते सरळ माझ्याकडे बघतंय..."

"बघतं हो कुणीही. फोटोला धार कुठाय?"

डॉक्टरांच्या ते जिव्हारी लागलं. भलीमोठी लेन्स आली. ती धरली की हात थरथरतो, म्हणून तिपाई आली. तिपाई वाऱ्याने हलते, म्हणून तिला टांगायला वाळूची पिशवी आली. पिशवी उचलून डॉक्टरांची कंबर धरली, म्हणून बायको आली. श्वासानेही फोटो हलतो असं अध्यक्षांनी बजावल्यामुळे डॉक्टर दवाखान्यात श्वास रोखण्याचा सराव करू लागले. आपल्या तोंडावर वाकलेले डॉक्टर निळे पडताना पाहून कित्येक पेशंटांनी दातांची आशाच सोडली.

अखेर एका सकाळी लवाजमा तळ्याच्या बांधावर पोचला. डॉक्टरांनी कॅमेऱ्याला डोळा लावला तो लावलाच.

"अहो!" बायको कुजबुजली.

पाणमांजर पाण्यातून वर आलं होतं. मागे तीन पिल्लं. आई निवांतपणे वाळूची पिशवी हुंगू लागली.

"काहीच दिसत नाही गं. नुसतं तपकिरी."

"डोळा काढा ना तिथून! तुमच्या पायाशी आहे."

"एवढं जवळचं या लेन्सला दिसत नाही. हाकल त्याला जरा लांब!"

"अहो, त्यालाच बघायला आलो ना आपण?"

"बघायला नाही, टिपायला! हाकल!"

बायको हलली नाही. हलणार कशी? एक पिल्लू तिच्या चपलेवर बसलं होतं. शेवटी डॉक्टरांनीच टाळी वाजवली. चौघं डुबुक डुबुक पाण्यात गेली, डॉक्टरांनी घाईघाईने बटण दाबलं आणि फोटोत आला पलीकडच्या बांधाचा दगड.

पुढच्या सभेत अध्यक्षांनी तो दगड पडद्यावर मोठा केला. कण न् कण दिसत होता. सभासदांनी खुर्च्या पुढे ओढल्या.

"पण यात प्राणीच नाही," डॉक्टर प्रामाणिकपणे म्हणाले.

"म्हणूनच जमलाय! प्राणी हलतो हो. निम्मे फोटो त्यानेच बिघडतात."

दगडाला 'अधिवास' असं नाव देऊन मंडळाच्या वन्यजीव प्रदर्शनाचं पहिलं बक्षीस देण्यात आलं.

प्रदर्शनाला तोबा गर्दी. दगडाशेजारी उभी राहून डॉक्टरांची बायको येईल त्याला सांगत होती, की पिल्लू कसं चपलेवर बसलं, त्याचं पोट कसं ओलं आणि तरी गरम होतं.

तुम्हीही आला होतात. तिला वळसा घालून पुढे गेलात, दगडाला नाक लावलंत आणि डॉक्टरांना मोठ्या अदबीने विचारलंत, "कुठली लेन्स?"