एक्केचाळीस डावखुरे

माझ्या नजरेतून काहीही सुटत नाही. सुटलंच, तर ते बघण्यासारखं नव्हतं असं समजावं. कपाळ प्रशस्त, दरवर्षी जास्तच प्रशस्त होत चाललेलं, आणि बुद्धी अशी की कधी कधी माझी मलाच धास्ती वाटते. माझं गुप्तहेरीचं कार्यालय म्हणजे आमच्या बाहेरच्या खोलीचा खिडकीकडचा अर्धा भाग. उरलेल्या अर्ध्या भागात बायको इस्त्री करते. ती माझी सहायक आहे असं मी अशिलांना सांगतो. तिला अजून सांगितलेलं नाही.

त्या सकाळी एक म्हातारा शिंपी आला. डावखुरा. शाळेत त्यावरून मार खाल्लेला, पुढे जन्मभर उजव्यांच्या कात्र्या वापरून अंगठ्याला घट्टे पडलेले. बायको गेली, दुकान बंद झालं, तेव्हा त्याने फोनवर 'आम्ही डावखुरे' हा गट काढला. वर्षभरात त्याला धरून एक्केचाळीस जण जमले. पण हल्ली त्याने अंगठा दुखतो असं लिहिलं, की कोणीतरी हळूच लिहायचं, माझाही दुखायचा हो, मग ही कात्री मिळाली. खाली कात्रीचा फोटो.

"आमच्यात कोणीतरी माल खपवणारा घुसलाय, साहेब," तो म्हणाला. "तेवढा शोधून द्या. त्याला काढतो. बाकीची माणसं माझी आहेत."

मी ताबडतोब डावखुरा बनून गटात शिरलो. वेषांतर म्हणून घड्याळ उजव्या मनगटावर बांधलं. फोनवरून ते कोणाला दिसणार, असं बायकोने विचारलं. काही माणसांना कलेतलं काही कळत नाही.

पहिला संशय 'डावा डोळा' नावाच्या सभासदावर. हा फक्त रविवारी गप्प. रविवारी सुट्टी म्हणजे पगारी माणूस, हे उघड होतं. पत्ता काढून मी रविवारभर त्याच्या घरासमोर उन्हात उभा राहिलो. त्याची बायको त्याच्याकडून पंखे पुसून घेत होती. इतका गरीब माणूस गुन्हेगार असूच शकत नाही, म्हणून मी त्याला निर्दोष ठरवलं.

मग मी गटातले सगळे फोटो तपासले. खुद्द शिंप्याच्या एका फोटोत कात्री चक्क उजव्या हातात. मी शिंप्याला बोलावलं आणि घसा खाकरून जाहीर केलं की गुन्हेगार दुसरातिसरा कोणी नसून तो स्वतःच आहे. म्हातारा आपल्या हातांकडे बघत बसला.

"अहो," इस्त्री न थांबवता बायको म्हणाली, "फोटोत मागे भिंतीवरच्या घड्याळातले आकडे बघा, उलटे आहेत. आरशातला फोटो आहे तो."

मी तिची परीक्षा घेत होतो, असं मी शिंप्याला समजावलं.

तिने इस्त्री उभी ठेवली, माझ्या हातातून फोन घेतला आणि गटात लिहिलं, 'डाव्या हाताच्या पाचशे कात्र्या हव्यात. कोण देईल?'

दहा मिनिटांत चाळीस उत्तरं आली. पहिलं डाव्या डोळ्याचं, माल घरपोच. कोणाकडे कात्र्या होत्या, कोणाकडे पेनं, कोणी कात्रीसोबत पट्टी फुकट द्यायला तयार. वर्षभर ही मंडळी एकमेकांना आपापले दुखरे अंगठे सांगत होती, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपल्याला चाळीस गिऱ्हाईकं सापडली आहेत. उरलो दोघं, शिंपी आणि मी. त्यातला मी खोटा.

शिंपी फोनवर एकेक उत्तर वाचत गेला आणि एका नावापाशी थांबला. ही ताई. रोज सकाळी न चुकता त्याच्या हाताची चौकशी करणारी. तिने लिहिलं होतं, कात्र्या नाहीत, पण सोबत पाचशे बाम देते.

"काढायचं का सगळ्यांना?" बायकोने हलक्या आवाजात विचारलं.

"राहू दे, बाई," तो म्हणाला. "ताई बाम विकते हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. सहा डब्या पडल्यात घरी. पण हात कसा आहे म्हणून मला दुसरं कोण विचारतं?"

मला खरोखर वाईट वाटलं. एवढ्या तपासात मी त्याला हे एकदाही विचारलं नव्हतं.

"मग आज कसा आहे हात?" मी विचारलं.

शिंप्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुम्ही काय विकता?" तो म्हणाला.