एर्लांगेन मुक्कामी पुरणाचा वाद

श्रीकुलदेवतेस स्मरून, आणि वार रविवार असल्याकारणे लेखणीचाही आवाज न करता, ही हकीकत लिहिली जाते, ती ऐसीजे.

एर्लांगेन शहरी तिसरे मजलियावर राजश्री नागेशराव, यंत्रविद्येचे सरदार, मूळ वतन पुणे, सहकुटुंब नांदत असता यंदाची होळी नेमकी रविवारी आली. जर्मन मुलखी रविवारचा अंमल ऐसा, की आवाज होईल म्हणून कोणी खिळा ठोकू नये, रिकामी बाटलीही पिंपात टाकू नये. आणि सौभाग्यवती कुंदाबाईंचा बाणा ऐसा, की शिळे पुरण नैवेद्यास चालणार नाही, डाळ त्याच दिवशी शिजावी आणि गरम असताच वाटावी. मग पुण्याहून आणिलेली मिक्सरतोफ सज्ज जाहली, एकच बार उडाला, आणि खालचे मजलियाहून झाडूच्या दांड्याचे ठोके आले. तोफ थंडावली, डाळ निवू लागली. निवल्या डाळीचे पुरण कणीदार होते आणि पोळी तव्यावर फाटते, हे जाणून बाईंचा चेहरा उतरला, आणि ते पाहून रावांच्या जिवास फार लागले.

खाली राहत हेर, म्हणजे जर्मन बोलीत श्रीयुत, प्रोफेसर ब्राउनमायर, मध्ययुगीन ख्रिस्ती ईश्वरशास्त्राचे निवृत्त पंडित, पत्नी निवर्तल्यापासून एकटे. कुंदाबाई म्हणाल्या, "अरे, त्यांचं काय म्हणणं आहे ते आधी..." परंतु रावांची स्वारी जिन्यात पोचली होती. समोरच्याचे वाक्य पुरे होण्याआधी जबाब तयार, हीच रावांची ख्याती, आणि तिचा सर्वाधिक जाच घरच्यांस.

दार उघडताच रावांनी धर्मस्वातंत्र्याचे घोडदळ घातले. पंडितांनी "आल्झो", म्हणजे "तर मग", इतके उच्चारिले, तो रावांनी वर्षातून एकदाच येणाऱ्या सणाचे पायदळ लोटले. पंडितांनी पुन्हा तोंड उघडले, तो रावांनी मोबाइल काढून आवाजाचे मोजमाप दाखविले. मग पंडितांनी हात वर केला, रावांस आत बसविले आणि कथन केले, की पूर्वी मठांत थोर धर्माचार्यांचे वचन आले की वाद मिटे. पुढे शहरोशहरी विद्यापीठे उभी राहिली, ग्रीकांचे ग्रंथ अरबांच्या हातून आले, आणि श्रद्धा व बुद्धी एका पंगतीस बसल्या. तेव्हा वादाचा कायदा ठरला, की आधी प्रतिपक्षाची हरकत आपल्या मुखे मांडावी, त्याने मान्य करावी, मगच उत्तर द्यावे. आज तोच कायदा चालेल.

राव म्हणाले, आपणांस आमचे सण खपत नाहीत. पंडितांनी नामंजूर केले. राव म्हणाले, आपणांस परक्या वासाचा त्रास आहे. तेही नामंजूर. रावांस घाम फुटला. पुण्याचा मनुष्य, दुसऱ्याची बाजू मांडण्याचा सराव नाही, आणि वर डाळ निवत चाललेली. अखेर हत्यार ठेवून त्यांनी जन्मात प्रथमच पुसले, "आपली हरकत नेमकी कशाला आहे?"

मग पंडित सावकाश बोलले, आणि रावांनी मध्ये तोंड घातले नाही. हरकत मिक्सरला, पोळीला नव्हे. पत्नी हयात असता रविवारी सफरचंदाचा गर हाताने गाळीत असे, त्याचा आवाज घरभर गोड वाटे. ते जाळीचे, मुठीचे भांडे, 'फ्लोटे लोटे' नामे, कपाटात पडून आहे. तेच द्यावे म्हणून मघापासून बोलू पाहतो, परंतु आपण बोलू देत नाही.

राव खजील जाहले. त्यांनी ती हरकत शब्द न बदलता मांडली, पंडितांनी "गेनाऊ", म्हणजे "अगदी बरोबर", म्हणून मान्य केली, आणि उत्तर देण्याजोगे काही उरलेच नाही. मग भांडे घेऊन दोघे वर गेले. भांडे पाहताच कुंदाबाई म्हणाल्या, "हे तर आपलं पुरणयंत्रच." डाळ कोमट होती, धीर धरून राहिली होती. पंडितांनी खासा मूठ फिरविली, पुरण लोण्यासारखे उतरले, आणि म्हाताऱ्याचे डोळे भरून आले, ते कोणी पाहिले नाही ऐसे सर्वांनी केले.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. नैवेद्य वेळेवर जाहला, पंडितांनी तुपासह पोळ्या चढविल्या. तहाचे शेवटचे कलम कुंदाबाईंनी घातले, की आजपासून हा कायदा या घरीही चालेल, आधी माझे म्हणणे तू मांडायचे. रावांच्या ओठी जबाब तयार होता. तो त्यांनी गिळला आणि म्हणाले, "म्हणजे तुझं म्हणणं असं, की मी तुझं कधी ऐकूनच घेतलं नाही."

कुंदाबाईंनी त्यांच्या पानात आणखी एक पोळी वाढली आणि म्हणाल्या, "गेनाऊ."