सरावापुरती श्रीमंत

त्या घड्याळाचा सेकंदकाटा सातच्या आकड्यापाशी थरथरत होता. पुढे जात नव्हता, मागेही येत नव्हता. सेलमध्ये काटा हलवण्याइतकी ताकद उरली होती, चाक फिरवण्याइतकी नाही. लांबून पाहणाऱ्याला मात्र घड्याळ चालू आहे असंच वाटे. जाड सोनेरी पट्ट्याचं हे घड्याळ संस्थेच्या मालकीचं होतं. ते ज्या विद्यार्थ्याच्या मनगटावर असेल त्याला त्या तासापुरतं श्रीमंत समजावं, असा नियम होता.

संस्था संपत्ती व्यवस्थापन आणि आर्थिक नियोजन शिकवत असे. तिथे येण्याआधी मी बारा वर्षं एका प्रयोगशाळेत नळाचं पाणी तपासत होते. धाकटा दीर म्हणाला, "वहिनी, पाण्यात काय ठेवलंय? लोकांचा पैसा सांभाळा. पैशाला ना रंग, ना वास." हे वर्णन पाण्यालाही लागू पडतं, हे मला त्या वेळी सुचलं नाही. मी सहा महिन्यांची बिनपगारी रजा काढली, घरातली सगळी शिल्लक फी म्हणून भरली आणि पहिल्या बाकावर जाऊन बसले.

पहिल्याच तासाला संचालकांनी मूलभूत नियम शिकवला. अडीनडीसाठी काही महिन्यांचा घरखर्च बाजूला काढल्याशिवाय कुठेही पैसा अडकवू नये. मी हात वर केला.

"सर, तो बाजूला काढलेला पैसा मी इथल्या फीत भरला."

"उत्तम!" संचालक म्हणाले. "नियम मोडणारा माणूस कसा दिसतो, हे आता वर्गाला फळ्यावर काढून दाखवायला नको."

सगळ्यांनी ते उदाहरण उतरवून घेतलं. मीही घेतलं.

पुढे प्रात्यक्षिकं सुरू झाली. सल्ला द्यायचा तर समोर श्रीमंत ग्राहक हवा, आणि वर्गात श्रीमंत कोणीच नव्हतं. जो श्रीमंत असेल तो नोकरीसाठी हा अभ्यासक्रम कशाला करील? म्हणून ते घड्याळ. पहिल्या मुलीने ते घातलं आणि चहा आणून देणाऱ्याचे दोनदा आभार मानले. ती बाद. मग वर्गातले सर्वांत वयस्कर विद्यार्थी बसले. त्यांना सगळे काका म्हणत. स्वेच्छानिवृत्तीचे पैसे फीत घालून ते आले होते. त्यांनी समोर येईल त्या योजनेला तत्काळ हो म्हटलं.

"पैसेवाला माणूस असा हो म्हणतो का?" संचालक कळवळून म्हणाले. "हो म्हणून म्हणूनच तर माणूस गरीब होतो, काका!"

मग घड्याळ माझ्याकडे आलं. समोरचा कागद मी सवयीने वरपासून खालपर्यंत पाहिला. मला तो कळला नाही. बराच वेळ गप्प राहून मी म्हटलं, "विचार करून सांगते."

संचालक उठून उभे राहिले. "बघा! याला म्हणतात पैसा!"

त्या दिवसापासून मी कायमची ग्राहक झाले. माझ्या नावावर चार कोटी, दोन घरं, परदेशातून फोन न करणारी मुलगी आणि काहीही न करणारा नवरा अशी स्थिती मंजूर झाली. खऱ्या नवऱ्याने घरी हरकत घेतली. "दोन घरं दिली, मुलगी परदेशी पाठवली, मग मलाच तेवढं का बसवून ठेवलं?"

दुसऱ्या तुकड्याही मला मागून नेऊ लागल्या. फाटकावरचा पहारेकरी मी आले की उठून उभा राही. सल्ला देण्याचं शिक्षण मला एका अक्षराने मिळत नव्हतं, पण सल्ला न घेण्यात मी निष्णात होत चालले होते. घरी आल्यावरही मनातून चार कोटी जात नसत.

"तोंड का उतरलंय?" एकदा जेवताना नवऱ्याने विचारलं.

"व्याजदर उतरले."

"मग आपलं काय गेलं?"

"आपलं नाही. माझं गेलं."

त्याने घास खाली ठेवला. "चार कोटीवाल्या बाई, भाजीत मीठ नाही. तेवढं परवडेल ना?"

घर त्याच्या एकट्याच्या पगारावर चाललं होतं. त्याने बुटांना दुसऱ्यांदा तळ लावून घेतले आणि मला सांगितलं नाही. मी ते पाहिलं, आणि व्याजदरांचा तक्ता पुढे ओढला.

प्रयोगशाळेतून साहेबांचा फोन आला. "बाई, तुमची रजा संपत आली. जागा ठेवू की भरू? वरून विचारतायत."

"विचार करून सांगते," मी म्हणाले. तोपर्यंत हे वाक्य तोंडात इतकं बसलं होतं, की पाव किती हवेत असं विचारणाऱ्या दुकानदारालाही मी तेच सांगून रिकाम्या हाताने परत येत असे. साहेबांनी आणखी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांना श्रीमंतांचं उत्तर मिळालं.

अंतिम परीक्षा जवळ आली तेव्हा मी संचालकांकडे परीक्षेचा क्रमांक मागायला गेले.

"मॅडम, तुम्ही परीक्षेला बसलात तर ग्राहक कोण? आणि स्वतःच स्वतःला सल्ला देणं नियमात बसत नाही. तुम्ही पुढच्या तुकडीत बसा. फीत सवलत देऊ."

"पुढच्या तुकडीत ग्राहक कोण असेल?"

त्यांनी माझ्याकडे अतिशय आपुलकीने पाहिलं.

"निदान मानधन तरी?" मी विचारलं.

"मानधन?" त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. "चार कोटी असताना?"

परीक्षेला एका मोठ्या कंपनीचे अधिकारी परीक्षक म्हणून आले. सुरुवात काकांपासून झाली. त्यांनी माझ्या म्हातारपणाची सोय अगदी मन लावून समजावून सांगितली. परीक्षकांचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. ते माझ्या घड्याळाकडे पाहत होते. काका घोटभर पाणी प्यायला थांबले तसे ते माझ्याकडे झुकले.

"मॅडम, सध्या तुमच्या पैशाचं कोण बघतं?"

"साहेब, हे सरावाचं आहे."

"सगळे असंच म्हणतात," ते कुजबुजले. त्यांनी टेबलाखालून आपलं कार्ड माझ्या हातात सरकवलं. "प्लीज, मॅडम. या महिन्यात एकही ग्राहक नाही. माझीच जागा जाईल."

मी कार्ड वरपासून खालपर्यंत पाहिलं. जी शिडी चढायला मी बारा वर्षांची नोकरी टांगणीला लावली होती, तिच्या सर्वांत वरच्या पायरीवर बसलेला माणूस मलाच शोधत होता. आणि ती चार कोटींची मी तर नव्हतेच.

पर्समधला फोन वाजला. प्रयोगशाळेतले साहेब होते. "बाई, आज जाहिरात जातेय. आता तरी बोला."

"एक मिनिट, साहेब." मी काकांकडे वळले. "काका, तुमची योजना मला मान्य आहे." सहा महिन्यांतला माझा तो पहिला होकार. काकांचे डोळे भरून आले. परीक्षकांचेही आले, पण वेगळ्या कारणाने. मी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

"मॅडम, हे काय!" संचालक धावत आले. "चार कोटी कोण सांभाळणार?"

"त्यात काय अवघड आहे? हे सगळं इतका वेळ गप्प राहून ऐकणाऱ्या कोणालाही बसवा. गप्प राहणं त्याला जमतंच. शिवाय चार कोटी ऐकल्याबरोबर त्याने मनातल्या मनात त्यांची विल्हेवाटही लावून टाकलीय. आधी घर घेतलं असेल."

हे बोलताना मी तुमच्याकडेच पाहत होते, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. घड्याळ टेबलावरच आहे.

मी फोन कानाला लावला.

"साहेब, जागा भरू नका. मी उद्या येते."