डीजेवाल्याला आहेर

“मशीन सांभाळ रे, लेझरवाला मामा आहेर घेऊन आलाय!”

डीजेच्या गाडीवरून कुणीतरी ओरडलं. मी मामाच्या मागे, जरा अंतर ठेवून, या माणसाशी आपला काही संबंध नाही असा चेहरा करून उभी होते. वरातीशी तर आमचा खरंच संबंध नव्हता. नवरा-नवरी कोण, हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

आमच्याकडे लग्नात मानाच्या पाहुण्यांना टॉवेल-टोपीचा आहेर करतात. माझा मामा तो डीजेवाल्याला करतो. ओळख ना पाळख, गर्दीतून वाट काढत गाडीवर चढतो, डीजेवाल्याच्या डोक्यावर टोपी ठेवतो आणि टॉवेल त्याच्या खांद्यावर टाकायच्या ऐवजी आकाशाकडे तोंड केलेल्या लेझरच्या मशीनवर टाकतो. “मानबी झाला, कामबी झालं,” म्हणत खाली उतरतो. एका डीजेवाल्याकडे म्हणे त्याच्या टोप्यांचा ढीग जमलाय. अख्खं नांदेड त्याला मामा म्हणतं. तेही मला फारसं आवडत नाही.

मामाचं चष्म्याचं दुकान आहे. मी लातूरची, डोळे तपासायचं शिक्षण घेऊन त्याच्याकडे कामाला आणि राहायला आले. मामाने लग्न केलेलं नाही, मूलबाळ नाही, तेव्हा सगळी माया माझ्याच वाट्याला येईल असा माझा हिशोब होता. पण ती मधुराने आधीच नेली होती. मधुरा माझी मावसबहीण, मुदखेडची. ती विमान चालवते.

चष्म्याची दांडी बसवायला आलेल्या माणसालाही मामा विमानात बसवतो. काउंटरखालून स्कूटरची जुनी, ओरखडे पडलेली काच काढतो, गिऱ्हाइकाच्या तोंडासमोर धरतो आणि पलीकडून टॉर्च मारतो. सगळी काच पांढरी होते.

“दिसून राहिलं का काही? न्हाई ना? आता उतरव विमान!”

“मामा, माझी दांडी...”

“दांडी होईल रे बाबा. वर माणसं बसलीत, त्यांचं बघ आधी!”

मग तो समजावतो. खालून मारलेला बारीक हिरवा किरण वर पोचेपर्यंत पसरतो, विमानाच्या काचेवर फुटतो आणि ऐन उतरायच्या वेळी पायलटच्या डोळ्यांपुढे अंधारी येते. हे सगळं खरं आहे. राग त्याचाच येतो. खोटं असतं तर निदान त्याला हसता आलं असतं.

मागे त्याने मधुरासाठी लेझर अडवणारा खास चष्मा मागवला होता. पाठवण्याआधी तो इतका पुसला, की मला त्या फडक्याचाही हेवा वाटला. पुढे तिचा फोन आला. “मामा, चष्मा भारी आहे. पण तो लावला की पॅनलवरचे हिरवे आकडेसुद्धा फिके दिसतात. ड्यूटीवर नाही रे वापरता येणार.”

मामाने फोन ठेवला आणि दुकानातले चष्मे पुसायला घेतले. संध्याकाळी म्हणाला, “म्हंजे तिच्या डोळ्यावर काही लावून जमत न्हाई. खालच्यांच्या डोक्यालाच काहीतरी करावं लागतंय.” दुसऱ्या दिवशी त्याने टोप्यांचा गठ्ठा आणला.

त्याच सुमारास माझे डोळे आले होते. मामा म्हणाला, “काळा गॉगल लाव माय, गिऱ्हाईक भिऊन राहिलंय.” बस, एवढंच.

तर त्या वरातीत डीजेवाला चिडला. “ओ मामा, कपडा पेटला तर मशीन कोण भरून देणार? तुम्ही?” त्याने टॉवेल खाली फेकला. नाचणारे हसले. मामाने टॉवेल उचलून झटकला आणि पुन्हा हात जोडून काहीतरी सांगू लागला. गाण्यात त्याचा आवाज कुणाला ऐकूच जात नव्हता.

मला राहवलं नाही. मी त्याच्या कानाशी जाऊन म्हणाले, “मामा, मधुराचं विमान नांदेडला येतच नाही. माहितीये ना तुला?” त्याला लागावं म्हणूनच म्हणाले.

“ठाव हाय की,” तो म्हणाला. “ती तिकडं लांब उतरती. तिथं मी कुठं पुरा पडणार? तिथंबी लगनं होतच असतील. तिथंबी कुणाचा तरी मामा असंल, त्यानं बघावं. हितलं मी बघतो.”

आणि तो टोपी हातात घेऊन पुन्हा गाडीकडे गेला. कुणी डोकं पुढे करत नव्हतं. विमानतळाच्या बाजूला एक दिवा सावकाश खाली येत होता आणि हिरवे पट्टे त्याच्याच दिशेने फिरत होते.

शाळेत पाठ असलेली कविताही मला स्टेजवर कधी म्हणता आली नाही. मी गाडीच्या पायरीवर चढले. एक गाणं संपून दुसरं सुरू व्हायचं होतं.

“दादा, लेझर बंद करा. वर कुणाची तरी भाची बसलीय!”

डीजेवाल्याचा हात बटणाकडे गेला. मामा माझ्याकडे बघतच राहिला. मी त्याच्याकडे वळले आणि तेवढ्याच मोठ्याने म्हणाले,

“आणि खाली पण एक उभी आहे.”