मंजूर वारा

किनाऱ्यावरच्या आमच्या टॉवरवर दहा, चाळीस आणि ऐंशी मीटर उंचीवर वारा मोजायची यंत्रं आहेत. मुख्यालयातल्या संगणकात त्याच वाऱ्याचं मॉडेल आहे. दोन्हींचा मेळ घालणं हे माझं काम. फरक पाच टक्क्यांच्या आत असला तर अहवाल मंजूर होतो, नसला तर माझ्याकडे परत येतो.

तो अकरा वेळा परत आला. मॉडेलमधला वारा शिस्तीचा, जमिनीलगत मंद आणि वर जाईल तसा वाढणारा. खरा वारा मात्र समुद्रावरून यायचा आणि खालीच धुमाकूळ घालायचा.

"चूक कोणाची?" साहेबांनी विचारलं.

"मॉडेलची असावी, सर."

"मॉडेल तीन तज्ज्ञांनी बनवलंय. वारा कोणी बनवलाय?"

मी जागेवर परतलो. मॉडेलशी न जुळणारे आकडे 'संशयास्पद' ठरवून वगळले. रकाने रिकामे ठेवायची पद्धत नाही, म्हणून त्यांत मॉडेलचेच आकडे भरले आणि मग तुलना केली. तंतोतंत जुळलं. साहेबांनी पाठ थोपटली.

दुरुस्त तक्त्यावर टॉवरच्या वॉचमनची सही लागते. तो टॉवरखालच्या खोलीत म्हाताऱ्या आईबरोबर राहतो. एकोणीस तारखेच्या वाऱ्यात त्या खोलीचे पत्रे उडाले होते.

"साहेब, त्या दिवशी उभं राहवत नव्हतं हो. इथं तर झुळूक लिहिलीय."

"काका, करा सही. अहवाल पुढे सरकला की तुमचा पत्र्यांच्या भरपाईचा अर्जही सरकेल."

त्याने केली. अर्ज खरंच सरकला आणि आठवड्यात निकाल आला: 'मंजूर नोंदीनुसार सदर दिवशी वारा सेकंदाला चार मीटर. अशा वाऱ्यात पत्रे उडत नाहीत. सबब अर्जदाराने छप्पर स्वतःच काढले असावे. खुलासा मागवावा.' पुरावा म्हणून त्याच्याच सहीचा तक्ता जोडला होता.

कागद घेऊन तो माझ्यासमोर उभा राहिला. "आई ताडपत्रीखाली तापाने फणफणलीय. आज परत तसाच सुटलाय. खिडकी उघडून बघा तरी."

तावदानं थडथडत होती. मला लाज वाटली, खोटं कशाला बोलू? तरी मी स्क्रीनवरच पाहिलं आणि म्हणालो, "मंद आहे, काका."

बाहेरच्या वाऱ्यात तो भिंतीला धरून धरून गेला.

आता तुम्ही मला शिव्या घालाल. खुशाल घाला. पण आज सकाळी बाहेर पडताना वारा आहे का, हे तुम्ही खिडकी उघडून पाहिलंत की मोबाईल? त्यातला आकडा मीच भरलेला आहे.