खालची ओळ आधी

आमच्या गल्लीत लग्नपत्रिका छापून आली की पहिली देवापुढे आणि दुसरी काशाप्पापुढे ठेवतात. मान म्हणून नव्हे, धास्तीपोटी. नवरा कोण, मुहूर्त कितीचा, यात त्याला काडीचा रस नसतो. तो थेट तळाला जातो. एकदा एका पत्रिकेच्या तळाशी 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' असं छापून चार चिल्ल्यापिल्ल्यांची नावं दिली होती. काशाप्पानं यजमानाला भर अंगणात विचारलं, "ह्या लेकरांची नावं घातलास. त्यांना वाचून दाखवलास का?"

खोकल्याचं औषध असो, शाम्पूची पुडी असो, खालची ओळ आधी. गाणगापूरच्या एका लॉजमध्ये त्यानं नियमांच्या पाटीची शेवटची ओळ मॅनेजरकडून तीनदा वाचून घेतली. मागे भक्तांची रांग लागली. शेवटी मॅनेजरनं पाटीच खिळ्यावरून काढून त्याच्या हातात दिली. ती कानडीत होती, त्यामुळे काशाप्पानं ती मला दिली.

हा सगळा घोळ कानडीचा. आमचा बिदरचा भाग कर्नाटकात, त्यामुळे बहुतेक कागद कानडीतच. काशाप्पा ठाणाकुशनूरचा, तिथल्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेला. कानडी बोलतो पाण्यासारखं. बाजारात भांडायचं तर कानडीतच भांडतो. पण अक्षर येत नाही. मी कानडी शाळेतला. म्हणून गेली काही वर्षं लाइट बिलापासून रेशनच्या कागदापर्यंत जे काही येतं ते घेऊन तो माझ्या दारात उभा असतो. "मुनीम, खालची ओळ आधी."

एका हातात कागद, दुसऱ्या हातात तेलाचा रिकामा डबा. त्याचा उजवा गुडघा वाकत नाही, म्हणून बसायची सोय तो बरोबर घेऊन हिंडतो. पंगतीत सगळे खाली आणि हा डब्यावर, पाय सरळ पुढं टाकून. वाढपी त्याच्या पायाला अडखळतात आणि तोच त्यांना म्हणतो, "बघून चाल की."

आता त्या गुडघ्याचं सांगतो. सांगायला मला आवडत नाही.

भालकीच्या ज्या दाळ मिलमध्ये मी मुनीम आहे, तिथंच काशाप्पा थप्पी लावायचा. तुरीची पोती एकावर एक चढवून छतापर्यंत नेणं हे त्याचं काम. त्याची थप्पी भिंतीसारखी उभी राहायची. एके दिवशी दुसऱ्या कुणी लावलेली थप्पी ढासळली आणि तो गुडघ्यापर्यंत तिच्याखाली गेला. प्लास्टर झालं, तीन महिन्यांनी निघालं. तो लंगडत का होईना, चालायला लागला. मालकांनी भरपाई म्हणून काही रक्कम द्यायचं कबूल केलं आणि वकिलाकडून कानडीत कागद करून आणला. मला म्हणाले, वाचून दाखव याला.

मी वाचला. मालक दारात गाडीची किल्ली बोटावर फिरवत उभे होते. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की गुडघा पूर्ण बरा झाला आहे आणि पुढं त्यात काहीही उद्भवलं तरी मी काही मागणार नाही. ती ओळ ऐकली असती तर काशाप्पानं सही केली नसती, हे मला पक्कं माहीत होतं. मालकांनी विचारलं, "झालं का?" मी म्हणालो, झालं. काशाप्पानं सही केली. त्याखाली मी केली, मराठीत समजावून सांगितल्याची. ही चूक नव्हती. मी भ्यालो होतो.

दोन वर्षांत गुडघा आखडत गेला. आधी पोतं उचलणं सुटलं, मग मांडी घालणं, मग कामच. डॉक्टर म्हणाले, जुन्याच दुखण्यानं सांधा खाल्लाय, ऑपरेशन केलं तर पाय वाकेल. तो मालकांकडे खर्च मागायला गेला. त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि ड्रायव्हरला ती वाचून दाखवायला लावली.

त्या दिवसापासून 'खालची ओळ आधी' सुरू झालं. मला तो एका शब्दानं बोलला नाही. नुसता कागद आणायला लागला. मला वाटायचं, हा माणूस माझा सूड घ्यायलाय, रोज थोडा थोडा.

बिदरला केस उभी राहिली. काशाप्पाच्या वकिलानं त्याला पढवलं होतं: कागद पुरता वाचून दाखवला नव्हता एवढंच सांगा, करार मोडतो, ऑपरेशनचा मार्ग मोकळा होतो. मी मिलचा साक्षीदार म्हणून मागच्या बाकावर होतो. काशाप्पानं तसं सांगितलं असतं तर माझी सही खोटी ठरणार होती आणि मालकांनी सगळं माझ्यावर ढकललं असतं.

न्यायाधीश साहेबांनी विचारलं, वाचून दाखवला होता का? काशाप्पानं एकदा माझ्याकडे पाहिलं.

"व्हय. सगळा वाचला."

त्याच्या वकिलानं कपाळावर हात मारून घेतला. मग माझी पाळी आली. खरं बोलायची वेळ अजून गेली नव्हती. मी म्हणालो, हो, सगळा वाचला.

काही महिन्यांनी निकालाची प्रत आली, कानडीत. काशाप्पानं माझ्या अंगणात डबा टाकला, पाय पुढं सोडून बसला आणि म्हणाला, "खालची ओळ आधी." मी वाचली. अर्ज फेटाळला होता. त्यानं मान हलवली.

मला राहवलं नाही. "अप्पा, तुमी कामून तसं सांगितलाव?"

"तुझ्या दोन पोरी शिकायल्यात. ह्या वयात तुला कोण ठेवून घेणार हाय?" गुडघ्यावरून हात फिरवत तो म्हणाला, "आता वरून वाच. तू आता ओळ सोडत न्हाईस, ठावं हाय मला."

चार पानं होती. मी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. तिसऱ्या पानावर माझं नाव आलं: करार पूर्ण वाचून दाखवल्याचं यांनी शपथेवर सांगितलं, सबब अर्जदाराला आता तक्रार करता येणार नाही. तीही ओळ मी वाचली, आणि कागद मांडीवर ठेवला.

"पाणी पी," काशाप्पा म्हणाला. "मग वाच."